माळ उजळेपर्यंत

एखादी वस्तू इथून तिथे कशी पाठवावी हे जावककाकांना शिकवण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. उभी नोकरी त्यांनी एका कचेरीच्या जावक विभागात काढली होती. पाकिटाला डिंक किती लावायचा, सुतळीची गाठ कुठे मारायची, शिक्का किती जोरात हाणायचा, या विषयांवर ते न थांबता बोलू शकत. अडचण एवढीच होती, की आता ऐकायला कोणी नव्हतं. निवृत्त झाले, काकू गेल्या, मुलगी दूरच्या शहरात नोकरीला. इमारतीतल्या लोकांनी ठेवलेलं नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

मुलगी, म्हणजे चिमी, दर रविवारी फोन करायची. फोनचा मजकूर ठरलेला. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, गॅस बंद केलात ना, चला ठेवते. जावककाका ‘हो’ तीन वेळा म्हणायचे आणि एकदा ‘बरं’. त्यानंतर पुढच्या रविवारपर्यंत त्या घरात जे काही बोलणं व्हायचं ते रेडिओचं.

त्या रविवारी मात्र चिमीने ठरलेल्या मजकुरात एक ओळ वाढवली. “बाबा, आईची ती मोत्यांची दुपदरी माळ आहे ना, ती कुरिअरने पाठवाल का? मला बढती मिळालीय. पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे, तेव्हा आईची माळ घालायची आहे.”

“पाठवाल का म्हणजे?” काका दुखावले. “तू कोणाला विचारतेयस, ठाऊक आहे ना? उद्या जावक होईल.”

फोन ठेवल्यावर त्यांनी कपाट उघडलं. माळ काकूंच्या साड्यांच्या खाली कापसात गुंडाळलेली होती, भोवती डांबरगोळ्यांचा पहारा. काकू जाऊन दोन वर्षं होत आली होती आणि तेवढ्या काळात तो खण कोणी उघडला नव्हता. कापूस सोडवला तर आत पिवळट, मलूल, आजाऱ्याच्या चेहऱ्यासारखे मोती. काकांनी माळ उचलली, उजेडाकडे धरली, आणि आतला दोरा कसलीही पूर्वसूचना न देता तुटला.

मोती घरंगळण्याचा आवाज फार सुंदर असतो म्हणतात. म्हणणाऱ्यांनी कधी ते पलंगाखालून गोळा केलेले नसतात. काका गुडघ्यांवर आले, मग कोपरांवर, मग सरळ पोटावर. दार उघडंच होतं. समोरच्या वहिनी वर्तमानपत्र परत द्यायला आल्या, तर त्यांना पलंगाखालून बाहेर आलेले दोन पाय दिसले.

“अगंबाई! काका! आहात ना?”

“आहे,” पलंगाखालून उत्तर आलं. “काही कमी आहेत.”

समोरच्या वहिनी मदतीला धावणाऱ्या होत्या. त्यांचा दोष एकच, त्या धावल्या की सगळ्या इमारतीला कळायचं. त्यांनी बसल्या जागी चार मोती शोधून दिले, वाटीत टाकले आणि वाटीकडे बघत विचारलं, “पण काय हो, हे खरे आहेत का?”

हा प्रश्न काकांना आजवर पडला नव्हता. काकूंनी ही माळ लग्नाआधी, स्वतःच्या पहिल्या नोकरीच्या पैशांतून घेतली होती. त्या घालायच्या, छान दिसायच्या, विषय संपला. त्यांनी मान ताठ करून सांगितलं, “आमच्या घरात खोटं काही नाही,” आणि तोंड बंद केलं, कारण तोंडातली कवळी हलली होती.

दुसऱ्या दिवशी वाटीतले मोती डबीत भरून, डबी खोक्यात, खोकं जाड कागदात, वर सुतळी, अशा थाटात काका कुरिअरच्या कचेरीत हजर झाले. माळ तिकडे चिमी ओवून घेईल असा त्यांचा हिशेब. काउंटरवरच्या मुलीने पुडक्याकडे न बघताच विचारलं, “आत काय?”

“मोती.”

“कोणते?”

“कोणते म्हणजे? गोल.”

मुलीने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. तिथे पर्याय होते: नैसर्गिक, कल्चर्ड, नकली. नैसर्गिक असतील तर विमा लागणार, कल्चर्ड असतील तर प्रकार सांगावा लागणार, नकली असतील तर तसं सही करून लिहून द्यावं लागणार.

“अहो, वजन बघा आणि लावा शिक्का,” काका म्हणाले.

“शिक्का नसतो आता, काका.”

हे वाक्य जावककाकांना फार लागलं. शिक्का नसतो! मग वस्तू गेली हे वस्तूला तरी कसं कळतं? ते पुडकं बगलेत मारून घरी आले. ज्या माणसाच्या हातून गोण्याच्या गोण्या टपाल गेलं, त्याला एक डबी परत आणावी लागली. त्यांनी सुतळी सोडवली, पद्धतशीर गुंडाळून ठेवली आणि चिमीला फोन लावला. वार होता सोमवार.

“बाबा? काय झालं? बरं आहे ना?” चिमी घाबरलीच.

काकांनी सगळं सांगितलं. पलंग, वहिनी, पडदा, शिक्का. आधी चिमी हसली, मग तिला आठवलं, आई ही माळ घालून तिच्या शाळेत आली होती आणि बाईंनी प्रगतिपुस्तक बाजूला ठेवून आधी माळेबद्दलच विचारलं होतं. मग काकांना काहीतरी आठवलं. बोलणं इतकं लांबलं, की गोळ्यांची चौकशी करायची राहूनच गेली.

“मोती कोणते आहेत ते कळलं की सांगा हं,” ती म्हणाली. आणि मंगळवारी तिने स्वतःहून विचारलं, “कळलं का?”

काकांनी रिसीव्हर जागेवर ठेवला आणि बराच वेळ त्याच्यावरचा हात काढला नाही. रविवार नसताना फोन आला होता.

आता मोत्यांची जात शोधणं हे कामच होऊन बसलं. समोरच्या वहिनींनी उपाय सांगितला: मोती दातांवर घासायचा, खरा असेल तर खरखरीत लागतो, खोटा असेल तर गुळगुळीत. काकांनी ताबडतोब घासला. काहीच कळलं नाही. पुन्हा घासला. मग लक्षात आलं, की दातच खोटे आहेत. खोट्याने खऱ्याची परीक्षा कशी घ्यावी? म्हणजे आता इमारतीत कोणाचे तरी दात उसने मागणं आलं. काका वाटी घेऊन जिना उतरले, मागोमाग वहिनीही. तळमजल्यावर रसायनशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहत. त्यांचे दात खरे होते, पण त्यांना ही पद्धत अशास्त्रीय वाटली. शेवटी वहिनींनीच मन मोठं केलं.

“आणा इकडे. त्यातला मोठा द्या. मोठा आहे म्हणजे तोच खरा असणार.”

वाटीत एक मोती खरोखरच बाकीच्यांपेक्षा मोठा होता, पांढरा होता आणि त्याला एकही डाग नव्हता. प्राध्यापकांनी चष्मा पुसून त्याच्याकडे पाहिलं आणि गंभीरपणे निर्णय दिला, की हा दक्षिणेकडच्या समुद्रातला, त्याला साउथ सी म्हणतात, आकारावरूनच कळतं. वहिनींनी तो अदबीने दातांवर टेकवला. पुढच्या क्षणी त्या ओट्याजवळ पोचल्या होत्या आणि चुळा भरत होत्या. तो मोती नव्हता. झिजून झिजून मोत्याएवढी झालेली डांबरगोळी होती. पलंगाखालून काकांनीच ती गोळा करून आणली होती.

“चमक नव्हती, हे मी आधीच टिपलं होतं,” प्राध्यापक म्हणाले. ते अर्थातच कोणी ऐकलं नव्हतं.

आपली गेलेली अब्रू परत मिळवण्यासाठी प्राध्यापकांनी व्हिनेगर काढलं. खरा मोती आम्लात फसफसतो, हे शास्त्र आहे, इथे चुकीला जागा नाही. काका कुरकुरले, पण शास्त्रापुढे त्यांचं काही चाललं नाही. एक मोती बशीत टाकला. आधी काही नाही, मग बारीक बारीक बुडबुडे आले. प्राध्यापकांनी टाळी वाजवली. “खरा आहे!” आणि खरा आहे हे सिद्ध करण्याच्या नादात तो बशीतच राहिला. बाहेर काढला तेव्हा खडूचा तुकडा वाटावा इतका निस्तेज झाला होता. खरा होता, पण आता कामाचा नव्हता.

काकांना त्या मोत्याचं फार वाईट वाटलं. काकूंच्या गळ्यात जो इतकी वर्षं राहिला, त्याला आपण घराबाहेर काढून बशीत बुडवलं. तो त्यांनी कापसात गुंडाळून खिशात ठेवला. संध्याकाळी चिमीचा फोन आला तेव्हा ही गोष्ट सांगताना ते हसवायला गेले आणि मध्येच खिशातली गुंडाळी चाचपू लागले. चिमी म्हणाली, “बाबा, नीट दुकानात दाखवा. आणि उद्या मला सांगा.”

उद्या! काका रात्री जेवताना तो शब्द दोनदा मोठ्याने म्हणाले.

दागिन्यांच्या दुकानात मोत्यांसाठी वेगळा कोपरा होता. तिथल्या बाई भिंगातून बघत होत्या आणि बघता बघता सोयरिक जुळवणाऱ्यांच्या सुरात माहिती देत होत्या. हे बघा, हे अकोया. एकसारखे गोल, फार चकचकीत, खाऱ्या पाण्यातले. आत मणी घालून वाढवतात. हे साउथ सी, मोठे, पांढरे नाही तर सोनेरी. हे ताहितीचे, काळसर. हे वेडेवाकडे, यांना बरोक म्हणतात, हल्ली तरुण मुलींना हेच आवडतात.

काकांना आपली कचेरीच आठवली. चकचकीत आणि सगळे एका साच्याचे, ते वरच्या मजल्यावरचे अधिकारी. मोठे आणि सोनेरी, ते साहेब. काळसर ते लेखापरीक्षण. आणि वेडेवाकडे ते जावक विभागात पाठवत.

“आणि आमचे?” त्यांनी विचारलं.

“तुमचे गोड्या पाण्यातले. कल्चर्डच, म्हणजे माणसाने शिंपल्यात वाढवलेले, पण एकाच शिंपल्यात बरेच वाढतात, भावंडांसारखे. आत मणी नसतो, आतपर्यंत मोतीच. साधे आहेत, पण चांगले आहेत हो. नीट निवडून घेतलेत ज्यांनी घेतले त्यांनी.”

“मिसेसनी घेतले,” काका म्हणाले, आणि बशीतल्या मोत्याची आठवण होऊन त्यांनी खिशावर हात ठेवला.

बाईंनी भिंग खाली ठेवलं. “पण सुकलेत बिचारे. डांबरगोळ्यांत ठेवले होते ना? वास येतोय. मोती कपाटात कोंडायचे नसतात, काका. त्यांना अंग लागतं. मी रेशमाच्या दोऱ्यात ओवून देते, प्रत्येक मोत्यामागे गाठ मारून, म्हणजे पुन्हा तुटली तरी पळापळ नाही. एक कमी आहे, तो जुळवून घालते. पण उजळायचे असतील तर कोणीतरी रोज घालायला हवी. काढली की मऊ कापडाने पुसायची. घरात आहे ना कोणी घालणारं?”

प्रश्न साधाच होता. बाईंनी दिवसातून दहा वेळा विचारला असेल. जावककाकांना मात्र दुकानातले सगळे आरसे एकदम आपल्याकडे बघतायत असं वाटलं. त्या सगळ्या आरशांत ते एकटेच होते.

“आहे की,” ते म्हणाले.

चार दिवसांनी माळ तयार होऊन घरी आली. आता कोणते मोती, कोणत्या पाण्यातले, सगळं तोंडपाठ होतं. कुरिअरच्या पडद्यावरच्या कुठल्याही प्रश्नाला उत्तर होतं. काकांनी सुतळी काढली, खोकं काढलं, आणि खुर्चीवर बसून राहिले. माळ गेली की काम संपलं. काम संपलं की चिमी विचारणार काय? जेवलात का, गोळ्या घेतल्या का, चला ठेवते. सुतळी त्यांनी पुन्हा गुंडाळून ठेवली.

“अजून उजळली नाही,” त्यांनी चिमीला फोनवर आणि वहिनींना दारात सांगितलं. “दुकानातच आहे. मोत्यांची माणसं सावकाश काम करतात.”

मग त्यांनी दार लावलं, कडी घातली, आरशासमोर उभे राहिले आणि माळ गळ्यात घातली. शर्टाची सगळी बटणं लावली, वरून मफलर गुंडाळला. उन्हाळा होता, पण उन्हाळ्याचा विचार करायची ही वेळ नव्हती. मोती आधी गार लागले, मग हळूहळू अंगासारखे झाले.

गुप्त काम करायचं तर घर सोडू नये. पण भाजी, दूध, डॉक्टर हे सगळं बाहेरच असतं. भाजीवालीने मफलर पाहून आल्याची मुळी फुकट घातली. बागेतल्या बाकावरच्या मंडळींनी निदान केलं, की काकांना मानेचं काहीतरी झालंय, आणि प्रत्येकाने आपापल्या मानेची हकीकत सांगितली. सगळ्यांत बाका प्रसंग दवाखान्यात आला. दर महिन्याच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, “शर्ट काढा.”

“वरून नाही होणार?” काकांनी विचारलं.

“काका, हृदय तपासायचंय, इस्त्री नाही.”

काकांनी तिथेच, तपासणीच्या टेबलावर, आपण एकदम बरे झालो असल्याचं जाहीर केलं आणि बाहेर पडले. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. बहुधा मेंदूच्या डॉक्टरांचा पत्ता असावा.

पण खरी गडबड घरातच झाली. संध्याकाळी माळ काढून मऊ कापडाने पुसताना काकांना माळेशी बोलायची सवय लागली. आधी मनात, मग ओठांत, मग खणखणीत आवाजात. “काय गं, आज बरी दिसतेस. काल किती मलूल होतीस! राहा अशीच अंगाशी, बाहेर जाऊ नकोस.” भिंती पातळ होत्या, आणि समोरच्या वहिनी त्या वेळी नेमक्या वर्तमानपत्र परत द्यायला दारात उभ्या होत्या. त्या वर्तमानपत्र न देताच माघारी गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना खिडकीतून काकांच्या हातात मोत्यांची माळ दिसली. लख्ख उजळलेली! दुकानातली माळ घरात कशी? आणि ती बोलणी कोणाशी? वहिनींनी दोन आणि दोन मिळवले, आणि उत्तर पाच आलं.

त्या प्राध्यापकांशी बोलल्या. प्राध्यापक म्हणाले, पुरावा हवा. वहिनी म्हणाल्या, या वयात पुरावा मिळेपर्यंत उशीर होतो. आणि त्यांनी चिमीला फोन केला.

चिमी शनिवारी दुपारी न कळवता दारात उभी राहिली. हातात छोटी बॅग, चेहऱ्यावर कोर्टाचं समन्स. काकांनी दार उघडलं ते मफलरसकट, घामाने निथळत.

“चिमी! तू? अगं, कळवायचंस तरी!”

“कळवलं असतं तर ती गेली असती,” चिमी म्हणाली आणि त्यांना ओलांडून आत शिरली. तिने स्वयंपाकघर पाहिलं. न्हाणीघराचं दार ढकललं. गॅलरीतला वाळत घातलेला टॉवेल बाजूला केला. पलंगाखालीही वाकून पाहिलं आणि तिथून एक डांबरगोळी उचलून आणली. समोरच्या दाराच्या फटीत वहिनींचा एक डोळा होता.

“कोण गेली असती?” काकांचा आवाज चढला. “कोणाला शोधतेयस माझ्या घरात?”

“ज्यांच्याशी तुम्ही रोज संध्याकाळी बोलता त्यांना. राग नाहीये माझा, बाबा. कोणी असेल तर असू दे. फक्त मला सांगायचं होतंत. आईची माळसुद्धा तुम्ही त्यांना...” तिला पुढे बोलवेना.

काकांना आधी राग आला, मग शरम वाटली, आणि मग या दोन्हींपेक्षा जास्त थकवा आला. ते खुर्चीत बसले. मफलर सोडला. शर्टाची वरची दोन बटणं काढली.

चिमी बघतच राहिली. पांढऱ्या केसांच्या, घामेजल्या छातीवर आईची दुपदरी माळ. मोती असे चमकत होते की काकांचा चेहरा त्यांच्यापुढे जुना दिसत होता.

तिला हसू फुटलं. ती दाराला टेकून हसली, मग खाली फरशीवर बसून हसली, आणि हसता हसता तिच्या गालांवरून पाणी आलं. समोरचं दार हळूच बंद झालं.

“अंग लागतं त्यांना,” काका खाली बघत म्हणाले. “दुकानातल्या बाईंनी सांगितलं. घरात दुसरं अंग नाही.”

“पण उजळलीय की, बाबा. केव्हाच उजळली असणार. पाठवली का नाहीत?”

जावककाकांनी आयुष्यात एकही पाकीट विनाकारण अडवलं नव्हतं. कारण नेहमी द्यावं लागे, आणि ते त्यांना देता येत असे.

“पाठवली असती,” ते म्हणाले, “तर तू मंगळवारी फोन कशाला केला असतास?”

चिमी उठून त्यांच्याजवळ आली, मागे उभी राहून माळेचा हूक शोधला, आणि तो काढता काढता हात तिथेच ठेवला. मोती गरम होते.

दुसऱ्या दिवशी ती बापाला घेऊन मोत्यांच्या कोपऱ्यात गेली. माळ काचेवर ठेवून म्हणाली, “ही दुपदरी सोडवून दोन एकपदरी करून द्या.”

“दोन?” बाईंनी विचारलं. “दुसरी कोण घालणार?”

“बाबा.”

बाईंनी काकांकडे पाहिलं, आणि दुकानदार माणसाला जमेल तितक्या गंभीरपणे विचारलं, “गळ्याचं माप घेऊ का?”

“थोडी लांब ठेवा,” काका म्हणाले. “शर्टाच्या आत जायला हवी.” मग त्यांनी खिशातून कापसाची गुंडाळी काढली. “आणि माझ्या माळेत हा घाला.”

“हा तर गेलेला आहे, काका.”

“असू दे.”

चिमी आपली माळ घेऊन गेली. कार्यक्रमाचा फोटो तिने पाठवला आणि काकांनी तो समोरच्या वहिनींना, प्राध्यापकांना आणि भाजीवालीला दाखवला. कुरिअरच्या काउंटरवरच्या मुलीलाही दाखवला असता, पण तिथे गर्दी होती.

कार्यक्रम झाला, कारण संपलं. सोमवारी काका रेडिओ लावून बसले. मंगळवारी संध्याकाळी फोन वाजला.

“बाबा, तुमची उजळली का हो?”

काकांनी शर्टावरून हात फिरवला. आत एक मोती खडूसारखा होता, बाकीचे लखलखत होते.

“नाही गं अजून. तुझी?”

“माझीही नाही,” चिमी म्हणाली. “वेळ लागेल असं दिसतंय. मी उद्या विचारते.”